भाऊजींचे गुरुवार

रविवार, १७ नोव्हेंबर २०१९

साडेसहाला उठले. आकाश स्वच्छ. दूध नासलं, दुसरं आणलं. भाऊजींनी कोट स्वतः इस्त्री केला, मला हात लावू दिला नाही. दीडच्या बसने दोघं मुलीकडे. जावयांकडे बारा पाहुणे. पावणेचारला वरच्या खोलीत फोटो काढले. मागची काळी वायर तेव्हा जमिनीवर पडलेली. नंतर जावयांनी ती परत लावली. भाऊजी त्या वेळी खाली स्वयंपाकघरात जेवत होते. चार वाजून पाच मिनिटांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. जळका वास, व्हार्निश तापल्यासारखा. साडेपाचच्या बसने परत.

ही नोंद केली तेव्हा त्या काळ्या वायरीला काही अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत आम्हाला डायरी लिहायला लावणाऱ्या सिस्टर सांगत, पाहिलं तेवढंच लिहा, ते का झालं हे तुम्हाला त्याच दिवशी कळत नसतं. साठ वर्षं मी तसंच लिहीत आले. त्या रविवारचं 'का' मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून तोंडाला जी कडू चव आली आहे ती अजून गेलेली नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझं लग्न झालं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, हडकुळे, आणि घरात कोणी मोठ्याने बोललं की उठून बाहेर जाणारे. आता बहात्तर वर्षांचे आहेत आणि अजूनही उठून बाहेर जातात. लग्न केलं नाही. दोन ठिकाणी बोलणी झाली होती, पण संध्याकाळी सात ते अकरा घरात नसणारा नवरा दोघींनाही नको होता. आमच्या घराची मागची खोली त्यांची. माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर घरात आम्ही दोघंच. सकाळी ते पाणी भरतात, मी चहा करते. पेपर आधी त्यांच्याकडे, आणि ते तो मागून सुरू करतात.

चोविसाव्या वर्षी ते स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात गिटार वाजवायला लागले आणि एकतीस वर्षं तिथेच वाजवत राहिले. हॉलच्या कोपऱ्यात चौथरा होता, त्यावर चार वादक. बाकीचे तिघे बदलत राहिले, भाऊजी राहिले. हॉटेलने वादकांना बाटलीच्या रंगाचा हिरवा कोट दिला होता, पितळी बटणांचा.

मी त्या हॉटेलात आयुष्यात तीनदा गेले आणि तिन्ही वेळा मला शिसारी आली. जेवणाची नव्हे, जेवणाऱ्यांची. पहिल्यांदा माझे यजमान हौसेने मला घेऊन गेले होते, आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून. समोर माझे दीर मान खाली घालून इतकं सुंदर वाजवत होते, आणि शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ हाडं चोखून ताटलीत टाकत होता, टाकताना आवाज करत होता, आणि तोंडात घास असताना चौथऱ्याकडे बोट दाखवून वेटरला सांगत होता की तो आवाज जरा कमी करायला सांग. दुसऱ्या वेळी एका बाईने भाऊजींच्या अ‍ॅम्प्लिफायरवर सिगारेटची राख झाडली. चुकून नाही. रक्षापात्र लांब होतं आणि अ‍ॅम्प्लिफायर जवळ होता, एवढंच. भाऊजींनी गाणं संपवलं, खिशातून रुमाल काढला, राख पुसली आणि पुढचं गाणं सुरू केलं. वादकांचं जेवण हॉलमध्ये नसायचं. मुदपाकखान्याच्या बोळात, भांडी घासण्याच्या कुंड्यांशेजारी एक बाक होता, तिथे.

तो अ‍ॅम्प्लिफायर हॉटेलचा होता. त्यात काचेचे व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे, तापल्यावर केशरी दिसणारे. भाऊजी रोज संध्याकाळी अर्धा तास आधी जाऊन तो पुसत, सुरू करत आणि दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसत. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. मग हॉटेलचा मालक बदलला. नव्याने चौथरा काढून तिथे टेबलं घातली. भाऊजींनी अ‍ॅम्प्लिफायर मागितला. मॅनेजर म्हणाला, तो मोडक्या खुर्च्यांबरोबर कालच भंगारात गेला. एकतीस वर्षांनंतर ते घरी आले ते गिटार आणि कोट घेऊन. त्यांची गिटार विजेवरची, अ‍ॅम्प्लिफायरशिवाय मुकी असते. तारांची किरकिर तेवढी ऐकू येते.

पुढची सोळा वर्षं त्यांनी एक युक्ती केली. मागच्या खोलीत लाकडी कपाट आहे. गिटारीचं टोक ते कपाटाच्या दाराला टेकवत आणि वाजवत. म्हणजे लाकूड थरथरतं आणि कपाटाचाच थोडा आवाज होतो. हिवाळ्यात त्या कपाटातून माझ्या शाली काढायला गेले की भाऊजी उठून उभे राहत, जणू मी त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं आहे.

आता जावयांकडे वळते. ते दातांचे डॉक्टर, वाकडे दात सरळ करणारे. माणूस कामात हुशार, बोलायला गोड. माझी मुलगी त्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी एक खोली केली आहे, भिंतींना स्पंज, आणि त्यावर सात गिटारी टांगलेल्या, खाटकाच्या दुकानात टांगतात तशा. जावयांना एका गाण्याची सुरुवात येते. चार सेकंदांची. ती ते दोन वर्षं वाजवत आहेत.

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर मागवला तो असा की दूर कुठेतरी एक कारागीर आहे, तो एकटाच शेडमध्ये बसून वर्षाला बारा करतो, हाताने. कारखान्यात बनत नाहीत. चौदा महिने थांबावं लागलं. लाकडी खोक्यातून आला तेव्हा आम्हाला सगळ्यांना बघायला बोलावलं. वर व्हॉल्व्हची पेटी, खाली स्पीकरची पेटी, दोन्ही अक्रोडाच्या लाकडाच्या, सायीच्या रंगाचं कातडं लावलेल्या, आणि दोन्हींना जोडणारी मागे एक जाड काळी वायर. आत कारागिराची सही आणि तारीख. वस्तू सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण जावई सुती हातमोजे घालून ती पुसत होते आणि आवाजाबद्दल बोलत होते ते असं, की हा क्रीमी आहे, बटरसारखा आहे, तोंडात विरघळतो. आवाज तोंडात कसा विरघळेल? त्यांनी एक वहीही केली होती, व्हॉल्व्ह किती तास पेटले त्याची. काचेच्या व्हॉल्व्हला ठरावीक आयुष्य असतं म्हणे, म्हणून ते जपून पेटवायचे. चौदा महिने वाट बघून आणलेली वस्तू ते आठवड्याला अकरा मिनिटं लावत.

फेब्रुवारीत त्यांना वाटलं की त्यात बिघाड आहे, कारण इंटरनेटवरच्या व्हिडिओत ऐकला तसा आवाज त्यांच्या हातून येत नव्हता. मुलगी म्हणाली, काकांना विचारा. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो, म्हणून गुरुवारी भाऊजी गेले, सोबत मी. भाऊजींनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं बसले. जावई म्हणाले, काका, सुरू आहे तो. भाऊजी बसूनच राहिले. मग त्यांनी एकच तार छेडली.

मी जिन्यात होते. तो स्वर निघाला तेव्हा साधा होता. बोट तारेवर दाबून ठेवलं तसा जाडसर होत गेला आणि शेवटी कडेला थोडा उसवला, जुन्या कापडाची किनार उसवते तसा. मी कठड्याला धरून उभी राहिले. हा स्वर मी चाळीसेक वर्षांपूर्वी हाडं चोखण्याच्या आवाजातून ऐकला होता. आज तो एकटा ऐकत होते. वर गेले तर भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, हा उत्तर देतो." हळू वाजवलं तर हळू बोलतो, जोर लावला तर अंगावर येतो, हॉटेलातलाही तसाच द्यायचा, असं मग त्यांनी समजावून सांगितलं. जावयांचं लक्ष नव्हतं. ते फोनवर रेकॉर्ड करत होते.

तेव्हापासून दर गुरुवारी. अ‍ॅम्प्लिफायरला महिन्यातून काही तास वाजवणं बरं असतं असं जावयांनी कुठे तरी वाचलं होतं, त्यामुळे त्यांचीही सोय झाली. भाऊजी बुधवारी तारा पुसत. गुरुवारी सकाळी दाढी करत, जी ते एरवी एकाआड एक दिवस करतात. दीडच्या बसमध्ये गिटार मांडीवर उभी धरून बसत. नऊ महिने हे चाललं. त्यांच्या पाठीचा बाक कमी झाला असं मी म्हणणार नाही, पण ते जेवायला दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. कपाटाला गिटार टेकवणं थांबलं.

नोव्हेंबरात जावयांनी डॉक्टर मित्रांसाठी दुपार ठेवली. सगळ्यांनी जमायचं, अ‍ॅम्प्लिफायर बघायचा, ऐकायचा. वाजवणार अर्थात भाऊजी. आणि फोनवर सांगितलं, काकांना तो हिरवा कोट घालायला सांगा, वातावरण येईल. मला वाटलं भाऊजी नाही म्हणतील. त्यांनी कोट काढला, पितळी बटणं चिंचेने घासली.

गेलो तर माणसं जमलेली, सगळ्यांचे दात सरळ. खाण्याच्या ताटल्या घेऊन वरच्या खोलीत फिरत होती. एकाने आपला पेला अ‍ॅम्प्लिफायरच्या कातड्यावर ठेवला. खाली ओला गोल उमटला. जावई धावत जाऊन पुसायला लागले आणि हसत होते, कारण पेला ठेवणारे डोळ्यांचे मोठे डॉक्टर होते आणि जावयांना त्यांच्या ओळखीची गरज होती. मुलगी भाऊजींना म्हणाली, काका, वाजवायला वेळ आहे, तुम्ही खाली स्वयंपाकघरात जेवून घ्या. बाकी सगळे वर जेवत होते. भाऊजी गेले. जिना उतरताना कोट मळू नये म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या.

तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना फोटो हवा होता, मागून, जिथून व्हॉल्व्ह दिसतात. ते म्हणाले, ती वायर मध्ये येते, फार वाईट दिसते. जावयांनी वायर उपटली आणि जमिनीवर टाकली. दिवे मंद केले, व्हॉल्व्ह पेटवले, फोटो काढले. मग कोणीतरी म्हणालं, डॉक्टर, तुम्हीच वाजवा की जरा. जावयांनी भिंतीवरची एक गिटार काढून आपली चार सेकंदं वाजवली. आवाज आला नाही. त्यांनी बटण वाढवलं. परत वाजवली. बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि जोरात तीनदा हात मारला. एक हलका वास आला. मग त्यांची नजर जमिनीवर गेली. बुटाच्या टोकाने त्यांनी वायर जवळ ओढली, खाली वाकून परत लावली, आणि वाकलेले असतानाच माझ्याकडे बघितलं. उठून म्हणाले, असू दे, खरा कलाकार येऊ दे.

खरा कलाकार ओठ पुसत वर आला. बसला. दोन मिनिटं थांबला. तार छेडली. ओल्या लाकडासारखी चरचर झाली आणि त्या सुंदर पेटीतून धूर आला. बारा पाहुण्यांसमोर जावई म्हणाले, "काका, काय केलंत हे?" भाऊजींनी हात वरच्या जाळीवर ठेवला, क्षणभर ठेवून काढला, आणि म्हणाले, माझंच काही चुकलं असेल. डोळ्यांचे डॉक्टर हळूच म्हणाले, वयाचं कारण आहे, सोडून द्या. मग सगळे गिटार सोडून दातांवर बोलायला लागले.

सोमवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर मी भाऊजींना सहज विचारलं की मागची ती काळी वायर कशाची असते. त्यांनी कळशी खाली ठेवली. का विचारता, म्हणाले. मी पाहिलेलं सांगितलं. ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी मला समजेल असं सांगितलं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जोडल्याशिवाय कधीच वाजवायचं नसतं. आवाजाला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती सगळी शक्ती आतल्या आत ट्रान्सफॉर्मर जाळते. साधं मशीन असतं तर काही झालं नसतं. याचंच हे असं आहे. हॉटेलात त्यांनी वायर खिळ्याने भिंतीला ठोकून टाकली होती, कोणाचा पाय लागू नये म्हणून. "दोन मिनिटांत जाळी एवढी तापत नाही, वहिनी. मला तिथेच कळलं कोणीतरी वाजवून गेलंय."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं. त्यांनी कळशी उचलून कट्ट्यावर ठेवली. "बोललो असतो तर त्यांची मान खाली गेली असती सगळ्यांत. मग मला दार उघडलं असतं त्यांनी? तो दुरुस्त होईल. मला परत वाजवायचंय. तुम्ही यात पडू नका." मला त्यांचा राग आला. इतकं पडतं घेणं पाहिलं की मला माणसाच्या चांगुलपणाचाही वीट येतो. पण शब्द दिला, गप्प बसेन.

दहा दिवसांनी, गुरुवारी, आम्हाला बोलावणं आलं. कारागिराचं उत्तर आलं होतं. जावयांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्यात त्यांच्यासाठी काही बोचणारं आहे असं त्यांना वाटलंच नसावं. कारागिराने लिहिलं होतं, हे स्पीकरशिवाय वाजवल्यानेच होतं, दुसरं कारण नसतं. नवा ट्रान्सफॉर्मर पाठवतो. वाचून जावई म्हणाले, काका, बसताना तुमच्या पायाने वायर सुटली असणार. अगदी प्रेमाने म्हणाले. भाऊजींनी मान हलवली. मुलगी टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होती.

वर गेलो तर एक सुतार टेप घेऊन माप घेत होता. अ‍ॅम्प्लिफायरसाठी काचेचं कपाट, कुलूप असलेलं. जावई म्हणाले, आता हा नुसता बघायचा. परत धोका नको. भाऊजींनी विचारलं, दुरुस्त झाल्यावरही? जावई म्हणाले, काका, तुम्हाला वाईट वाटू नये, पण हो.

बसमध्ये त्यांची डाव्या हाताची बोटं पुढच्या बाकाच्या दांडीवर चालत होती. उतरेपर्यंत चालत होती. घरी आल्यावर मागच्या खोलीचं दार लागलं आणि कपाटाचा आवाज सुरू झाला. ऐकलं आणि मी दिलेला शब्द माझ्यापुरता संपला. ज्या दारासाठी गप्प बसायचं होतं त्याला कुलूप लागत होतं.

शनिवारी डायरी पिशवीत घालून मी जावयांच्या दवाखान्यात गेले. बाकावर तीन मुलं तोंडात तारा घेऊन बसली होती, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. मुलगी म्हणाली, आई, फोन करायचास. मी म्हटलं, नंबर लाव. माझा नंबर आला तेव्हा आतल्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून पेशंटच्याच खुर्चीत बसले. डोक्यावर दिवा, कानाशी चूळ भरायचं भांडं आणि त्यात कोणाची तरी गुलाबी थुंकी. मुलगी दार लावून आत आली. मी सतरा तारखेची नोंद वाचली, पहिल्या ओळीपासून.

जावयांनी मास्क खाली केला. "आई, तुम्ही हे सगळं लिहून ठेवता?"

"सगळंच. दूध नासलं तेही आहे त्यात."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं की तिला धक्का बसेल, ती त्यांना काही बोलेल. तिने माझ्या हातातली डायरी हळूच मिटली. "मला माहीत आहे, आई. यांनी त्याच रात्री सांगितलं. पण काकांचं त्यात काय गेलं? त्यांना ओळखतं कोण?"

यापेक्षा मला त्या भांड्यातली थुंकी कमी किळसवाणी वाटली. ही मुलगी पहिली ते सातवी भाऊजींचं बोट धरून शाळेतून घरी आली, कारण त्यांच्या दुपारी मोकळ्या असत. पावसात ते कोट काढून तिच्या दप्तरावर घालत. त्यांना कोण ओळखतं, म्हणे. तिला वाढवली मी. त्या बोलण्यात माझंही काहीतरी होतं, आणि ते शोधायला मला तिथे वेळ नव्हता.

जावयांना मी दोन गोष्टी सांगितल्या. कपाट करायचं नाही, गुरुवार पूर्वीसारखे. आणि खरं काय झालं ते तुम्ही स्वतः भाऊजींना सांगायचं. ते म्हणाले, आई, हे जरा जास्त होतंय. मग मी म्हटलं की नऊ तारखेला मला मोतीबिंदूसाठी तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जायचं आहे, आणि जाताना डायरी माझ्याजवळ असते.

जावई लगेच कबूल झाले. फक्त एक, म्हणाले, हे घराबाहेर नको. मी हो म्हटलं. बाहेर आले तेव्हा मला माझीही किळस वाटत होती. आयुष्यभर जे लिहिलं त्याचा कधी कोणावर धाक घातला नव्हता. बस यायची वाट न बघता चालत घरी आले.

त्या संध्याकाळी फोन आला. भाऊजी दिवाणखान्यात उभे राहून बोलले. पलीकडून आधी थंडीबद्दल बोलणं झालं, मग असेल दीड मिनिट मुख्य विषय. भाऊजी हो, हो, असू दे, होतं असं, एवढंच म्हणत होते. मग त्यांचा आवाज एकदम जिवंत झाला. नवा ट्रान्सफॉर्मर जुन्याच्याच वजनाचा आहे का, बसवणार कोण, झाळ मारायला चांगला माणूस बघा, घाई नको. आणि शेवटी, गुरुवारी किती वाजता येऊ. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं की मी शब्द का मोडला. मी म्हटलं, कपाट होणार होतं म्हणून. ते म्हणाले, हो, ते खरं. आणि पेपर मागून वाचायला लागले. इतका मोठा अपमान माणसाने इतक्या सहज गिळावा याची मला चीड आली. मी चहा केला तो जरा आपटून ठेवला.

नऊ तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि मी डोळे मिटून बसलेली असताना म्हणाले, वाईट झालं हो त्या सुंदर वस्तूचं. म्हाताऱ्या माणसाच्या हाती असं काही द्यायलाच नको होतं. आमच्या सगळ्यांत झाली चर्चा. डायरी पिशवीत होती, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, दुरुस्त होतोय. एवढंच म्हटलं, कारण तो सौदा होता. थेंबांमुळे घरापर्यंत सगळं धूसर दिसत होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच.

घरी येऊन मी भाऊजींना सांगितलं. त्या माणसांत तुमचं नाव कायमचं खराब झालंय, आणि मी तिथे मूग गिळून बसले. उद्या जाऊन त्यांना सगळं वाचून दाखवते, मग जावई रागावले तर रागावले. भाऊजी तारा पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"वहिनी, नका. हॉटेलात कोण माझ्याबद्दल काय बोलतंय ते ऐकत बसलो असतो, तर दुसऱ्या दिवशीच सोडून आलो असतो. त्यांना म्हणू दे. मला गुरुवार हवाय."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण ते वाजवताना वाटत नाही."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. माणसाने आपलं नाव असं दुसऱ्याच्या खोलीत सोडून यावं, आणि वर त्याच खोलीत गिटार घेऊन जावं, हे मला बघवत नाही. पण नाव माझं नव्हतं.

एकोणीस डिसेंबरला, गुरुवारी, त्यांनी दाढी केली आणि दीडच्या बसने गेले. पहिल्यांदाच एकटे. मी डोकं दुखतंय असं सांगितलं. मुलीच्या घरात पाऊल टाकायची माझी तयारी नव्हती, अजून नाही. सहाला परत आले. ट्रान्सफॉर्मर चांगला बसवलाय, पण आवाज पहिल्यासारखा मोकळा व्हायला अजून दोन-तीन महिने लागतील, म्हणाले. जावई खोलीत नव्हते, खाली होते. जेवण झालं का विचारलं, तर झालं. कुठे बसून, तर स्वयंपाकघरात. तिथे बरं वाटतं, म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. ते मोरीत हात धूत होते. डाव्या हाताच्या चारही बोटांवर तारांचे खोल पांढरे वळ पडले होते, आणि ते पाण्याखाली धरून उभे होते, पाणी वाया चाललंय हे विसरून.

त्या संध्याकाळी डायरीत गुरुवारचं काही घातलं नाही, एवढंच लिहिलं: गच्चीवरच्या टाकीचं झाकण तडकलं आहे. तात्पुरतं फळी ठेवली. प्लंबर सोमवारी येतो म्हणाला.